डेस्कटॉपवर मध्येच नाहीशी होणारी यूएसबी उपकरणे : दोष कसा शोधावा

यूएसबी उपकरण पूर्णपणे बंद पडले असेल, तर दोष शोधणे तुलनेने सोपे असते. खरा वैताग आणते ते सकाळी चालणारे, दुपारी मध्येच नाहीसे होणारे आणि दुरुस्तीवाला समोर येऊन बसला की पुन्हा मुकाट्याने चालू लागणारे उपकरण. आपले सरकार सेवा केंद्रात किंवा एखाद्या करसल्लागाराच्या कार्यालयात एकाच डेस्कटॉपला प्रिंटर, बोटांचे ठसे घेणारे यंत्र, वेबकॅम, डिजिटल सहीचे टोकन, कीबोर्ड आणि माउस असे सगळे जोडलेले असते, आणि नेमके अर्जावर सही करण्याच्या क्षणी टोकन गायब होते. अशा वेळी बहुतेक जण आधी ड्रायव्हर काढतात, मग विंडोज नव्याने टाकतात, आणि चार दिवसांनी तीच तक्रार पुन्हा सुरू होते. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या दोषाचे मूळ बहुतेक वेळा केबल, पोर्ट किंवा वीजपुरवठा यांत असते, त्यामुळे शोधाची सुरुवात तिथून करावी आणि सॉफ्टवेअरकडे नंतर वळावे.

त्याआधी एक अट आहे. त्रास देणारे उपकरण बाहेरची हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्ह असेल, तर ती ज्या वेळी चालू असेल त्याच वेळी तिच्यातील महत्त्वाचा मजकूर दुसरीकडे उतरवून घ्यावा आणि मगच तपासणीला हात घालावा. लिहिण्याचे काम चालू असताना जोडणी वारंवार तुटली, तर फाइल प्रणाली बिघडते, आणि मग डिस्क चांगली असूनही आतली माहिती हाती लागत नाही.

पहिले काम म्हणजे दोष केव्हा उद्भवतो याची दोन-तीन दिवस नोंद ठेवणे. उपकरण काही काळ न वापरता पडून राहिल्यावर नाहीसे होते का, त्याच वेळी प्रिंटर छपाई करत होता का, केबलला धक्का लागला होता का, खोलीतला पंखा किंवा शेजारच्या खोलीतला फ्रिज नुकताच सुरू झाला होता का, हे लिहून ठेवावे. पडून राहिल्यावर जाणारे उपकरण वीजबचतीच्या सेटिंगकडे बोट दाखवते, काम सुरू होताच जाणारे उपकरण अपुऱ्या विजेकडे, आणि हात लागताच जाणारे उपकरण सैल पोर्टकडे किंवा आतून तुटलेल्या केबलकडे. त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. केबल, पोर्ट आणि ड्रायव्हर एकदम बदलले आणि दोष गेला, तर तो कशाने गेला हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

बदलाची सुरुवात पोर्टपासून करावी. कॅबिनेटच्या मागच्या बाजूचे पोर्ट थेट मदरबोर्डवर, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डवर, बसवलेले असतात. पुढचे पोर्ट मात्र कॅबिनेटच्या आतून जाणाऱ्या एका केबलने मदरबोर्डला जोडलेले असतात, आणि ही वाढीव लांबी व मधली जोडणी दोन्ही दोषाला जागा देतात. म्हणून त्रास देणारे उपकरण मध्ये हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी) किंवा एक्स्टेन्शन न ठेवता सरळ मागच्या पोर्टला जोडावे. तेवढ्याने त्रास थांबला, तर कॅबिनेटची बाजूची पट्टी उघडून पुढच्या पोर्टची केबल मदरबोर्डवर घट्ट बसली आहे का ते पाहावे. यूएसबी २.० या जुन्या आवृत्तीसाठी ही जोडणी ९ पिनांची असते आणि त्यानंतरच्या, अधिक वेगवान ३.० साठी १९ पिनांची. दुसऱ्या प्रकारचा प्लग जाड व ताठ केबलमुळे थोडा वर उचलला जातो, आणि तो तिरका ओढला तर मदरबोर्डवरील बारीक पिना वाकतात. त्यामुळे संगणक बंद करून, भिंतीतला प्लग काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून मगच तो प्लग सरळ खाली दाबावा.

पोर्ट बदलताना एक फसवी गोष्ट घडते. काही उपकरणांत स्वतःचा अनुक्रमांक नोंदवलेला नसतो, आणि अशी उपकरणे दुसऱ्या पोर्टला लावली की विंडोज त्यांना नवीन उपकरण समजते. प्रिंटरच्या बाबतीत मग यादीत त्याच नावाचा, पुढे 'कॉपी १' लिहिलेला दुसरा प्रिंटर उमटतो, जुना 'ऑफलाइन' दिसतो आणि छपाईची कामे जुन्याच्या रांगेत अडकून पडतात. प्रिंटर बिघडल्याची ओरड होते, प्रत्यक्षात फक्त पोर्ट बदललेला असतो. दोष सापडल्यावर प्रत्येक उपकरणाचा पोर्ट कायमचा ठरवून त्यावर छोटी चिठ्ठी चिकटवावी.

पोर्टची झीज हाही दुर्लक्षित राहणारा विषय आहे. नेहमीच्या चपट्या, आयताकृती यूएसबी पोर्टसाठी प्रमाणित आयुष्य किमान १,५०० वेळा लावण्या-काढण्याचे धरलेले आहे. ज्या ठिकाणी ग्राहकांचे पेनड्राइव्ह दिवसाला दहा वेळा लावले जातात, तिथे हा आकडा पाच महिन्यांत गाठला जातो. सैल झालेल्या पोर्टमध्ये प्लग अलगद हलवला की जोडणी जाते आणि येते, आणि तशी खूण मिळाली तर त्या पोर्टचा नाद सोडावा. रोजच्या लावण्या-काढण्यासाठी एक आखूड, चांगल्या प्रतीची एक्स्टेन्शन केबल पोर्टला कायम लावून ठेवली, तर झीज त्या स्वस्त केबलची होते, मदरबोर्डची नाही. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याच्या दमट, खारट हवेने संपर्कपट्ट्यांवर हिरवट किंवा काळपट थर चढतो. संगणक बंद असताना तो थर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओलवलेल्या, धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसावा आणि पूर्ण वाळल्यावरच वीज द्यावी. पोर्टमध्ये सुई किंवा टाचणी घालू नये.

आता केबल. फक्त मोबाइल चार्ज करण्यासाठी मिळणाऱ्या काही केबलींमध्ये माहिती वाहून नेणाऱ्या तारा नसतातच, पण ते लगेच लक्षात येते. अवघड दोष असतो तो बारीक तारेचा. अनेक केबलींच्या आवरणावर '२८ एडब्ल्यूजी' किंवा '२४ एडब्ल्यूजी' असे छापलेले असते. हे तारेच्या जाडीचे माप आहे, आणि आकडा जितका लहान, तितकी तार जाड. वीज वाहणारी तार २८ क्रमांकाची आणि केबल दोन मीटर लांब असेल, तर जाण्या-येण्याच्या चार मीटर तारेचा रोध सुमारे ०.८५ ओहम होतो, आणि अर्धा अँपिअर प्रवाहाला केबलमध्येच ०.४ व्होल्टहून अधिक दाब खर्ची पडतो. म्हणजे पोर्टवर ५ व्होल्ट असले, तरी उपकरणापर्यंत ४.६ च्या आसपासच पोहोचतात. २४ क्रमांकाच्या तारेत हीच घट ०.१७ व्होल्टच्या जवळपास राहते. प्रवाह वाढला की उपकरण बंद पडते आणि प्रवाह उतरला की पुन्हा चालू होते, या लपंडावाचे हे अगदी साधे कारण आहे. यूएसबी २.० ची केबल पाच मीटरपेक्षा लांब नसावी, आणि ३.० साठी तर तीन मीटरच्या आतच राहणे बरे.

विजेचा हिशेब पोर्टच्या बाजूनेही करावा लागतो. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर आणि ३.० चा पोर्ट ९०० मिलिअँपिअर प्रवाह देईल असे प्रमाण आहे. स्वतःचा अडॅप्टर नसलेला २.० चा हब हे ५०० मिलिअँपिअर स्वतःचा वाटा ठेवून चार पोर्टांत वाटतो आणि प्रत्येकाच्या वाट्याला नियमाप्रमाणे १०० मिलिअँपिअरच येतात. कीबोर्ड, माउस, टोकन यांना तेवढे पुरतात. ठसे घेणारे यंत्र, वेबकॅम आणि अडीच इंची हार्ड डिस्क यांना पुरत नाहीत. हार्ड डिस्कची तबकडी फिरायला लागते त्या क्षणी प्रवाहाची मागणी सर्वांत जास्त असते, म्हणूनच अशी डिस्क टकटक आवाज करून थांबते आणि पुन्हा सुरू होण्याचा प्रयत्न करते. हब आवश्यकच असेल, तर स्वतंत्र अडॅप्टरवर चालणारा घ्यावा, आणि जड उपकरणे तरीही थेट मागच्या पोर्टला लावावीत. यूएसबी मीटर नावाचे छोटे उपकरण पोर्ट आणि केबल यांच्यामध्ये लावले, तर दाब व प्रवाह दोन्ही डोळ्यांनी दिसतात. मागच्या सगळ्या पोर्टांवर भार येताच दाब ४.७५ च्या खाली उतरत असेल, तर संशय एसएमपीएसवर, म्हणजे कॅबिनेटमधील वीजपुरवठ्याच्या डब्यावर, घ्यावा.

आपल्याकडे एका कारणाकडे फारच थोडे लोक पाहतात, ते म्हणजे अर्थिंग. जुन्या घरांत आणि गाळ्यांत तीन छिद्रांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या छिद्रामागे तार जोडलेलीच नसते. एसएमपीएसच्या सुरुवातीला विजेतील गोंगाट गाळण्यासाठी बसवलेले दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून कॅबिनेटच्या धातूला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल, तर कॅबिनेट मुख्य दाबाच्या साधारण निम्म्यावर, म्हणजे २३० व्होल्टच्या पुरवठ्यात ११५ व्होल्टच्या आसपास तरंगते. प्रवाह अगदी क्षीण असतो, म्हणून फक्त अनवाणी पायांनी कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात आणि लोक ती संगणकाची सवय म्हणून सोडून देतात. पण दुसऱ्या सॉकेटवर चालणारा प्रिंटर यूएसबी केबलने या कॅबिनेटला जोडला, की दोन्ही यंत्रांतील दाबाचा फरक त्या केबलच्या जमिनीच्या तारेतून वाहू लागतो, संदेश बिघडतात, आणि कधी कधी पोर्ट कायमचा निकामी होतो. पंखा किंवा ट्यूबलाइट बंद करताच यूएसबी उपकरण जाऊन येत असेल, तर ही शक्यता सर्वांत आधी तपासावी.

ही तपासणी स्वतः करू नये. वायरमनकडून फेज आणि अर्थ यांच्यातील दाब मोजून घ्यावा, तो २३० च्या जवळ हवा. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातील दाब दोन-चार व्होल्टपेक्षा जास्त नसावा. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसवण्यासाठी मिळणारे जोड वापरू नयेत. अर्थिंग सुधारेपर्यंत निदान संगणक, मॉनिटर आणि प्रिंटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर ठेवावेत. त्याने झिणझिण्या थांबणार नाहीत, पण उपकरणांमधील दाबाचा फरक कमी होतो.

बिनतारी माउस किंवा कीबोर्ड अडखळत असेल, तर प्रकरण वेगळे आहे. यूएसबी ३.० ची जोडणी काम करत असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट निर्माण होतो, हे इंटेलने २०१२ मध्येच एका तांत्रिक टिपणात दाखवून दिले होते, आणि बिनतारी माउस, कीबोर्ड व ब्लूटूथ याच पट्ट्यात चालतात. हार्ड डिस्कवर मोठी फाइल उतरवताना माउसची खूण उड्या मारू लागते, ती यामुळे. माउसचा रिसीव्हर डिस्कच्या शेजारच्या निळ्या, म्हणजे ३.० च्या, पोर्टमधून काढून दूरच्या २.० पोर्टला लावावा, किंवा आखूड एक्स्टेन्शनने टेबलावर माउसजवळ आणावा. बॅटरी बदलण्याआधी हे करून पाहायला हरकत नाही.

इथवर काही सापडले नाही, तर सॉफ्टवेअरकडे वळावे. प्रथम संगणक बंद करून भिंतीतला प्लग काढावा आणि चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे. संगणक बंद दिसत असला तरी एसएमपीएस मदरबोर्डला थोडी वीज देत राहतो, त्यामुळे अडकलेले उपकरण साध्या बंद-चालू करण्याने मोकळे होतेच असे नाही. त्यानंतर कंट्रोल पॅनेलमधील 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये चालू प्लॅनच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' ही, वापरात नसलेले उपकरण झोपवणारी सेटिंग बंद करावी. मग 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये प्रत्येक 'यूएसबी रूट हब'च्या गुणधर्मांत 'पॉवर मॅनेजमेंट' या टॅबवरील, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची संगणकाला मुभा देणारी खूण काढावी. काही संगणकांत हा टॅब दिसत नाही, तिथे पहिल्या सेटिंगवरच भागवावे लागते. डेस्कटॉपवर ही बचत नगण्य आहे, त्यामुळे ती बंद ठेवण्यात तोटा काही नाही.

'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये उपकरणावर पिवळी खूण दिसत असेल, तर त्याच्या गुणधर्मांत दिलेला कोड वाचावा. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर नाही, तो निर्मात्याच्या संकेतस्थळावरून घ्यावा. कोड १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकले नाही. कोड ४३ म्हणजे उपकरणाने स्वतःच बिघाड कळवल्यामुळे विंडोजने ते थांबवले आहे, आणि हा कोड केबल व पोर्ट बदलूनही कायम राहिला, तर उपकरण बिघडलेले असण्याची शक्यता मोठी. ड्रायव्हर नव्याने बसवण्यासाठी 'व्ह्यू' मेनूतून लपलेली उपकरणे दाखवून त्या उपकरणाच्या फिकट दिसणाऱ्या जुन्या नोंदीही काढाव्यात. मात्र यूएसबी पोर्ट चालवणारे 'होस्ट कंट्रोलर' सरसकट काढण्याचा सल्ला कुणी दिला, तर कीबोर्ड आणि माउसही यूएसबीचेच आहेत हे आठवावे. ते दोन्ही मेले, तर 'रीस्टार्ट'वर क्लिक कशाने करणार?

मदरबोर्डच्या बायोसची, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या सॉफ्टवेअरची, नवी आवृत्तीही पाहून ठेवावी. एएमडीच्या ५०० मालिकेतील चिपसेटवर यूएसबी उपकरणे मध्येच तुटण्याची तक्रार कंपनीने २०२१ मध्ये मान्य केली होती आणि त्याच वर्षी बायोसमधून उपाय दिला होता. असा बोर्ड जुन्या बायोसवर चालत असेल, तर केबल बदलत बसण्यात अर्थ नाही. लिनक्स वापरणाऱ्यांनी कर्नलचे, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्याचे, संदेश चाळावेत. तिथे 'एरर -७१' किंवा 'एरर -११०' पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर उपकरणाशी संवादच नीट होत नाही असे समजून केबल व वीज यांकडे परतावे.

शेवटची कसोटी म्हणजे तेच उपकरण त्याच केबलसह दुसऱ्या संगणकावर दिवसभर चालवणे. तिथेही ते जाऊ-येऊ लागले, तर उपकरण बदलावे. तिथे ते नीट चाललेच, आणि आपल्या मदरबोर्डचे सगळे पोर्ट मात्र त्रास देत असतील, तर मदरबोर्ड टाकून देण्याआधी मदरबोर्डवरील पीसीआय एक्सप्रेस या जादा कार्डांसाठीच्या खाचेत बसणारे यूएसबी कार्ड घालून पाहावे. कार्ड निवडताना त्यावर एसएमपीएसची स्वतंत्र वीज जोडण्याची सोय आहे का ते तपासावे, आणि एसएमपीएसमध्ये तो जोड शिल्लक आहे का, हे कार्ड विकत घेण्यापूर्वी कॅबिनेट उघडून पाहून घ्यावे.