हस्तलिखित दिल्यावर प्रकाशकाच्या मंडळींशी कसं वागावं?

कोल्हापुरात लिहिणाऱ्यांची वानवा नाही. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं, म्हणजे वाचणारेही जुने. पण पहिलं पुस्तक काढायला निघालेल्याला एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. हस्तलिखित दिलं की ते संपादक, मुद्रितशोधक, अक्षरजुळणीवाला, चित्रकार, छपाईवाला, बाइंडर अशा हातांतून फिरतं. तुम्ही उशिरा केलेला एक बदल यातल्या कितीजणांना पुन्हा कामाला बसवणार, हे आधी बघायचं. बाकीच्या पायऱ्या त्यातूनच येतात.

१. करार आधी करा

‘मालक ओळखीचे आहेत, कागद कशाला?’ असं म्हणणाऱ्यांचीच ओळख पुढं तुटते. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. रॉयल्टी छापील किमतीवर की सवलत वजा जाता आलेल्या रकमेवर? ई-बुक, ऑडिओ, अनुवाद यांचे हक्क कुणाकडं? हे सहीआधी विचारण्यात उद्धटपणा काहीच नाही. सहीनंतर चारचौघांत कुरकुर करणं मात्र शोभत नाही.

२. एकच फाइल द्या

सगळा मजकूर युनिकोडमध्ये, एका फाइलीत. जुन्या फॉन्टातली फाइल बदलून घेताना रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात. फोटो वर्डमध्ये चिकटवू नका, मूळ फाइली वेगळ्या द्या. आणि व्हॉट्सॲपवर रोज एकेक प्रकरण पाठवू नका.

३. बोलीची यादी जोडा

हे आपल्याकडच्या लेखकांनी मनावर घ्यावं. तुमचं पात्र म्हणतं, ‘न्हाई जमायचं, पाऊस आलाया.’ मुद्रितशोधक त्याचं ‘नाही’ आणि ‘आला आहे’ करून ठेवतो, कारण साहित्य महामंडळाचे लेखननियम पाळणं हेच त्याचं काम. चिडू नका, आधीच अर्ध्या पानाची यादी द्या: संवादात ‘न्हाई’, निवेदनात ‘नाही’, संवादात ‘आलाया’, ‘गेलाया’ तसेच ठेवावेत, अमुक शब्द मुद्दाम असा लिहिलाय. आता तुम्हीच एका पानावर ‘न्हाई’ आणि पुढच्या पानावर ‘नाय’ लिहिलं असेल, तर ते आधी निस्तरा.

संपादकाच्या शेऱ्यांना त्याच दिवशी उत्तर देऊ नये, राग शाईत उतरतो. पटलं ते करा, नाही पटलं तिथं कारण लिहा. ‘माझी शैली आहे’ हे कारण होत नाही.

४. प्रुफात पुस्तक लिहू नका

सगळ्यात जास्त खटके इथंच उडतात. प्रूफ म्हणजे जुळणी झाल्यावर तपासायला दिलेली कच्ची प्रत. पहिल्या प्रुफात एखादं वाक्य बदललं तर चालून जातं. दुसऱ्यात फक्त चुका. चाळिसाव्या पानावर एक परिच्छेद घातलात की पुढची पानं सरकतात, अनुक्रमणिकेतले आकडे चुकतात, फोटो भलत्याच मजकुराशेजारी जातो. छपाईचा हिशेब फर्म्यांवर, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्यांवर चालतो. १६ पानांचा एक फर्मा धरला, तर १९२ पानांचे बरोबर १२ फर्मे. मागाहून आठवलेल्या आभारांची दोन पानं वाढली की तेराव्याची सोय करावी लागते, कागद आणि बांधणी दोन्ही वाढतात. घालायचंच असेल तर त्याच पानावरून तेवढ्याच ओळी काढून द्या, अक्षरजुळणीवाला तुम्हाला दुवा देईल.

दुरुस्ती समासात, लाल शाईनं, स्पष्ट अक्षरात. फोनवर ‘त्या वरच्या ओळीत वेलांटी’ असं सांगून काही दुरुस्त होत नाही.

५. एकाच माणसाशी बोला

बहुधा तो माणूस म्हणजे संपादक. बाइंडरला परस्पर फोन लावून ‘माझं आधी घ्या’ म्हणू नका. कोल्हापुरी बोलणं तोंडावर गोड वाटतं. ‘काय चाललंय काय तुमचं?’ हे समोर चहा पिताना आपुलकीचं, पण रात्री अकराला मेसेजमध्ये तेच दमदाटीचं दिसतं. त्यापेक्षा ‘सर, दुसरं प्रूफ कधी मिळेल? मी चार दिवसांत तपासून देतो’ असं लिहा. दिलेले चार दिवस पाळाही. दिवाळीच्या आधीचे दोन-तीन महिने छापखाने दिवाळी अंकांत बुडालेले असतात, तेव्हा घाई करून उपयोग नसतो.

६. प्रकाशनाची तारीख शेवटी

शाहू स्मारक भवनाचं सभागृह ठरवून, पाहुण्यांना शब्द देऊन मग प्रकाशकाला कळवणारे लेखक आहेत. छापून, बांधून झालेल्या प्रती हातात येतील तो दिवस आधी प्रकाशकाकडून लेखी घ्या, त्यापुढं आठ दिवस सोडा आणि मगच पत्रिका छापायला टाका. पावसाळ्यात आठाचे पंधरा करा, दमट हवेत बांधणीचा गोंद सुकायला वेळ घेतो.