पेटी, तबला आणि गळा: घरातल्या पहिल्या ध्वनिमुद्रणासाठी साहित्य कसे निवडावे

घरी गाणे ध्वनिमुद्रित करायचे ठरले की बहुतेक जण सर्वांत आधी माइकची चौकशी करतात. त्यांना मी बाजारात जाण्यापूर्वी एक काम सांगतो. ज्या खोलीत मुद्रण करायचे आहे तिथे पंखा बंद करून मोबाइल स्टुलावर ठेवावा, सकाळी आठ, दुपारी तीन आणि रात्री अकरा अशा तीन वेळांना दोन-दोन मिनिटांची शांतता मुद्रित करावी आणि प्रत्येक वेळी शेवटी एक जोरदार टाळी वाजवून तिचा आवाज कसा विरतो तेही टिपावे. हे तुकडे हेडफोनवर ऐकले की शेजारच्या कुकरची शिट्टी, लिफ्टचे दार, इमारतीची पाण्याची मोटर आणि टाळीनंतर भिंतीभिंतींत थरथरणारा नाद हे सगळे स्पष्ट ऐकू येते. कोणते साहित्य घ्यावे आणि कोणते घेऊ नये, याची निम्मी उत्तरे त्यात मिळतात.

इथे माझ्या डोळ्यांसमोर आहे ते शहरातल्या दोन-तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहणारे आणि शास्त्रीय किंवा सुगम गायन करणारे कुटुंब, जिथे गळ्यासोबत पेटी आहे आणि अधूनमधून तबलाही येतो. केवळ वाचन किंवा निवेदन करणाऱ्यांनाही यातले बरेचसे लागू पडेल. त्यांचे काम अधिक सोपे आहे.

खोली

माझ्या पहिल्या खरेदीत मी क्रम उलटा केला होता. साठवलेल्या पैशांतला मोठा भाग एका उत्तम कंडेन्सर माइकवर घालवला आणि तो मोकळ्या भिंतींच्या, लादी बसवलेल्या खोलीत आईपासून दोन फुटांवर उभा करून तिच्या जात्यावरच्या ओव्या मुद्रित केल्या. आवाज विहिरीत उतरून म्हटल्यासारखा आला. ती बैठक पुन्हा होऊ शकली नाही, आणि शब्दांत मिसळलेले घुमणे पुढे कोणत्याही सॉफ्टवेअरने पुरते निघाले नाही. म्हणून खोलीवरचा खर्च मी पहिला मानतो.

१८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे शब्द एकमेकांत मिसळून कळेनासे होत असत. त्यावर उपाय शोधण्याचे काम वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाकडे आले, तेव्हा त्याने दुसऱ्या सभागृहातल्या आसनांच्या गाद्या रात्री तिथे वाहून नेल्या आणि किती गाद्या मांडल्यावर आवाज किती लवकर विरतो हे चिकाटीने मोजले. आपल्या घरात अशा गाद्या आधीपासूनच असतात, आणि त्या कुठे ठेवायच्या एवढेच समजून घ्यायचे असते. घरगुती कामाचे बहुतेक माइक समोरून अधिक आणि मागून कमी ऐकतात. गाणाऱ्याकडे तोंड केलेल्या माइकला गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंतही समोरच दिसते. त्यामुळे कापसाची जाड गादी किंवा दोन रजया गाणाऱ्याच्या पाठीमागे, भिंतीपासून चार बोटे अंतर सोडून टांगाव्यात. खाली सतरंजी किंवा गालिचा अंथरावा, आणि कपड्यांनी भरलेले कपाट असेल तर त्याचे दार मुद्रणाच्या वेळी उघडे ठेवावे. टाळी पुन्हा वाजवून पाहिली की फरक लगेच कळतो.

पातळ पडदा किंवा एक इंच जाडीचा फोम मात्र केवळ वरचे, तीक्ष्ण स्वर शोषतो आणि खर्जातला नाद तसाच राहतो, त्यामुळे खोली एकाच वेळी मंद आणि घुमरी वाटू लागते. १० फूट लांब आणि १० फूट रुंद खोलीत हा त्रास जास्त होतो, कारण समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा आणि त्याच्या पटीतला नाद दोन्ही दिशांनी एकाच ठिकाणी फुगतो आणि डग्ग्याचा एखादा घुमारा अकारण मोठा ऐकू येतो. यावर सुताराकडून लाकडी चौकटी करून घ्याव्यात, त्यांत ५० मिलिमीटर जाडीच्या रॉकवूलच्या (दगडाच्या तंतूंपासून केलेल्या, आवाज शोषणाऱ्या लोकरीच्या) दोन पाट्या एकावर एक बसवून वरून सुती कापड ताणून घ्यावे आणि त्या चौकटी खोलीच्या कोपऱ्यांत उभ्या कराव्यात. रॉकवूल हाताळताना हातमोजे आणि मास्क वापरलेच पाहिजेत. गाणाऱ्याने खोलीच्या अगदी मध्यभागी बसू नये.

अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याची पद्धत अजूनही दिसते. त्यांनी बाहेरचा आवाज थांबत नाही, आतले घुमणेही नीट कमी होत नाही, आणि ते पटकन पेट घेतात. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागते, म्हणजे जाड भिंत, दुहेरी काच आणि फटी नसलेले दार, आणि भाड्याच्या घरात हे शक्य नसते. अशा घरात मुद्रणाची वेळ निवडणे हाच खरा उपाय आहे, आणि ती वेळ मोबाइलवरच्या त्या तीन तुकड्यांनी आधीच सांगितलेली असते.

माइक

माइकचे आपल्या कामाचे दोन प्रकार आहेत. डायनॅमिक माइक दणकट असतो, त्याला वेगळी वीज लागत नाही आणि त्याचा संदेश क्षीण असतो. कंडेन्सर माइक नाजूक असतो, त्याला इंटरफेसमधून (माइक संगणकाला जोडणाऱ्या यंत्रातून) ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे माइकच्याच वायरमधून जाणारी वीज, द्यावी लागते, आणि गळ्यातली बारीक मुरकी, श्वास आणि तंबोऱ्याची जवारी तो अधिक तपशिलाने टिपतो. १९६६ पासून बाजारात असलेला शुअर एसएम ५८ हा पहिल्या प्रकाराचा, तर ऑडिओ-टेक्निका एटी २०२० हा दुसऱ्या प्रकाराचा परवडणारा आणि विश्वासार्ह नमुना आहे. एसएम ५८ च्या बनावट प्रती खूप फिरतात, तेव्हा तो अधिकृत विक्रेत्याकडून पक्के बिल घेऊनच घ्यावा.

डायनॅमिक माइक खोलीचा आवाज घेत नाही, हा समज अर्धाच खरा आहे. दोन्ही माइक एकाच अंतरावर ठेवले तर गळा आणि खोली यांचे प्रमाण दोघांतही जवळपास सारखेच येते. डायनॅमिक माइक लोक तोंडाजवळ धरतात, म्हणून त्यात खोली कमी ऐकू येते. अंतर निम्मे केले की गळ्याचा थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो आणि खोलीचे घुमणे मात्र तेवढेच राहते. त्यामुळे कोणताही माइक घेतला तरी तो तोंडापासून एक वीत अंतरावर, किंचित बाजूला ठेवून सुरुवात करावी. चार बोटांपेक्षा जवळ गेल्यास खर्ज कृत्रिमपणे फुगतो. प, फ, भ यांसारख्या वर्णांचा वारा अडवण्यासाठी मध्ये पॉप फिल्टर हवाच.

माझे मत असे आहे की खोली गाद्यांनी शांत करता येत असेल तर गायनासाठी कंडेन्सर घ्यावा, आणि रस्त्यालगतच्या, न आवरणाऱ्या खोलीत डायनॅमिक घेऊन जवळून गावे. थेट यूएसबीने जोडायचा माइक एकट्या निवेदकाला पुरतो. ज्या घरात पुढे पेटी किंवा तबला येणार आहे तिथे तो अपुरा पडतो, कारण एकाच संगणकावर असे दोन माइक एकत्र चालवणे त्रासाचे असते.

पेटीसाठी माइक खरेदी करण्यापूर्वी पेटी दुरुस्त करून घ्यावी. भात्याची कुरकुर, सैल पट्ट्यांची टकटक आणि एखाद्या सुराची फुरफुर बैठकीत कानाआड होते, मुद्रणात होत नाही. माइक भात्याच्या बाजूला न ठेवता पट्ट्यांच्या वर, दीड ते दोन फुटांवर तिरका धरावा. तबल्यासाठी तो वादकाच्या समोरून, तबला आणि डग्गा यांच्या मधोमध, साधारण दीड फूट उंचीवर ठेवावा आणि वादकाला वाजवायला सांगून इंचाइंचाने हलवत चाटीचा कडक नाद आणि डग्ग्याची घसीट यांचा तोल साधेल तिथे थांबावे. या हलवण्यात गेलेला अर्धा तास महागड्या माइकपेक्षा जास्त फळ देतो.

ऑडिओ इंटरफेस

माइकचा संदेश वाढवून त्याचे अंकांत रूपांतर करणारे हे यंत्र निवडताना सर्वांत महत्त्वाचा प्रश्न एकच असतो: एकाच वेळी किती माइक लागणार आहेत? भावगीत किंवा अभंग थराथरांनी करायचा असेल, म्हणजे आधी ठेका, त्यावर पेटी आणि शेवटी गळा, तर दोन माइकची सोय असलेला इंटरफेस कित्येक वर्षे पुरतो. फोकसराइट स्कार्लेट टू-आय-टू आणि बेहरिंगर यूएमसी २०२ एचडी हे त्या प्रकारचे आहेत. ख्यालाची गोष्ट वेगळी आहे. तिथे गायक समेकडे येताना तबलजी त्याच्याकडे पाहतो आणि पेटीवाला त्याची जागा उचलून धरतो. ही देवाणघेवाण वेगवेगळ्या दिवशी मुद्रित केलेल्या थरांत येत नाही. ज्यांना ख्याल मुद्रित करायचा आहे त्यांनी थोडे थांबून चार माइकचा इंटरफेस घ्यावा, किंवा दोनच माइक बैठकीसमोर ठेवून, कलाकारांना पुढे-मागे बसवून तोल साधावा. हा दुसरा मार्ग कष्टाचा असला तरी खोली चांगली असेल तर त्यातून येणारा आवाज मला अधिक खरा वाटतो.

मुद्रण २४ बिट (प्रत्येक नमुन्याची बारकाई) आणि ४८ किलोहर्ट्झवर (सेकंदाला ४८ हजार नमुने) ठेवावे. २४ बिटचा मोठा लाभ असा की पातळी थोडी खाली ठेवली तरी गुणवत्ता बिघडत नाही. बहुतेक नवशिके मध्य सप्तकात आलाप करून गेन (माइकचा संदेश किती वाढवायचा ते प्रमाण) लावतात आणि तार षड्जाला आवाज फाटतो. म्हणून गेन लावताना सर्वांत जोरकस तान घ्यावी आणि तेव्हाही पातळी उणे १० डेसिबलच्या वर (शून्य ही आवाज फाटण्याची मर्यादा) जाऊ देऊ नये. स्वतःचा गळा हेडफोनमध्ये उशिरा ऐकू आला तर सूर डळमळतो, त्यामुळे आवाज संगणकात न जाता थेट ऐकवणारी डायरेक्ट मॉनिटरिंगची सोय इंटरफेसला आहे का, हे पाहूनच तो घ्यावा.

हेडफोन आणि स्पीकर

हेडफोन कान पूर्ण झाकणारे आणि मागून बंद असलेले हवेत, कारण इलेक्ट्रॉनिक तानपुरा किंवा मोबाइलवरचा तंबोरा खोलीत वाजवला तर तो गळ्याच्या माइकमध्ये उतरतो आणि मग चुकलेली एक ओळ कापून दुसरी जोडता येत नाही. तंबोरा आणि लेहरा कानातच ऐकावा. १९९१ पासून स्टुडिओंत वापरला जाणारा सोनी एमडीआर ७५०६ किंवा ऑडिओ-टेक्निका एटीएच एम ४० एक्स या कामाला योग्य आहेत. ब्लूटूथचे हेडफोन घेऊ नयेत, त्यांत आवाज उशिरा पोचतो. एकाच हेडफोनच्या वेगवेगळ्या ओहमच्या (विद्युत अवरोधाच्या) आवृत्त्या मिळतात. छोट्या इंटरफेसवर २५० ओहमचा हेडफोन हळू वाजतो, तेव्हा ८० ओहम किंवा त्याहून कमी घ्यावा.

मॉनिटर स्पीकर, म्हणजे मिश्रण तपासण्यासाठी स्टुडिओत वापरतात ते स्पीकर, पहिल्या वर्षी घेऊ नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. न सुधारलेल्या छोट्या खोलीत ते खर्जाविषयी चुकीची माहिती देतात आणि त्यावर विसंबून केलेले मिश्रण दुसऱ्या घरी ऐकताना पोकळ किंवा जड निघते. हेडफोनवर काम करून मोबाइल, गाडी आणि घरातला साधा स्पीकर यांवर ऐकून पाहणे तोवर पुरेसे आहे.

उरलेले साहित्य आणि पैशांची वाटणी

संगणक नवा लागत नाही. ८ जीबी मेमरी आणि एसएसडी असलेला लॅपटॉप पुरे, मात्र त्याचा पंखा माइकपासून दूर राहील इतकी लांब वायर घ्यावी. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झच्या एका ट्रॅकला तासाला सुमारे ५२० मेगाबाइट जागा लागते. प्रत्येक बैठक त्याच दिवशी दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवावी. सॉफ्टवेअरमध्ये ऑडॅसिटी मोफत आहे, मॅकवर गॅरेजबँड मिळते, आणि रीपर ६० दिवस पूर्ण स्वरूपात वापरून पाहता येते.

जुन्या इमारतींत अर्थिंग नसते किंवा तुटलेले असते, आणि मग मुद्रणात ५० हर्ट्झची गुणगुण शिरते. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवल्यावर ती थांबली, तर दोष विजेत आहे, माइकमध्ये नाही. अशा वेळी नवी वायर घेण्याऐवजी इलेक्ट्रिशियनला बोलवावे. एक्सएलआर वायर (माइक इंटरफेसला जोडणारी तीन पिनांची वायर) आणि स्टँड मात्र हलक्या प्रतीचे घेऊ नयेत. मुंबईतला लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातली तपकीर गल्ली इथे वायर समोर बसून जोडून घेता येते आणि ती तयार वायरपेक्षा बहुधा जास्त टिकते. स्टँडवर माइक बसवून तो हाताने वाकवून पाहावा. हळूहळू खाली झुकणारा स्टँड ऐन बैठकीत माइक जमिनीवर आणतो.

शंभर रुपये असतील तर पंचवीस खोलीवर, पंचवीस माइकवर, पंचवीस इंटरफेसवर, पंधरा हेडफोनवर आणि दहा स्टँड, वायर व पॉप फिल्टरवर खर्च करावेत. पैसे कमी असतील तर खोलीचा वाटा घरातल्या गाद्यांवर भागवून माइक मात्र चांगला घ्यावा, कारण तो वीस वर्षे सोबत राहू शकतो.

तो तितका टिकावा यासाठी पावसाळ्याची काळजी लागते, कोकणात आणि मुंबईत तर विशेष. कंडेन्सर माइकच्या पडद्यावर दमट हवा साचली की आवाजात तडतड येते आणि पुष्कळांना माइक बिघडला असे वाटते. काम झाल्यावर फँटम पॉवर बंद करावी, मिनिटभर थांबून वायर काढावी आणि माइक घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. दाण्यांचा रंग बदलला की पुड्या बदलाव्यात. ते दाणे स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नयेत. आर्द्रता दाखवणारा छोटा काटा डब्यात ठेवता आला तर उत्तम, आणि तो ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहावे.