शेजाऱ्यांना वायफाय द्यायचंय? द्या, पण मेन पासवर्ड देऊ नका

आमच्या मजल्यावर चार घरं. २०२० ला लॉकडाऊन लागलं तेव्हा फायबर फक्त आमच्याकडे आलेलं आणि समोरच्या काकूंच्या नातीची शाळा मोबाईलवर सुरू झाली, रोजचा दीड जीबी दुपारी बारालाच संपायचा, पोरगी रडवेली व्हायची. मग काय, कॅलेंडरचं पान फाडून त्याच्या मागे पासवर्ड लिहून दिला. दोन महिन्यांनी माझीच ऑफिसची मीटिंग अडकायला लागली म्हणून राऊटरमध्ये डोकावले तर २३ डिव्हाइस जोडलेली! आमची सात. एकाचं नाव 'बॉस का रेडमी', तो बॉस कोण ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

काकूंनी पासवर्ड वाटला असं नाही हां. पोरांनी वाटला. ॲन्ड्रॉइड फोनमध्ये जोडलेल्या वायफायवर शेअर दाबलं की क्यूआर कोड येतो आणि बऱ्याच फोनमध्ये त्याच्याखाली पासवर्डही चक्क वाचता येतो. म्हणजे एकाला दिला की तो बिल्डिंगला दिला असंच धरून चालायचं, आणि सगळी मांडणी त्या हिशोबाने करायची.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात ठेवा, कनेक्शन ज्याच्या नावावर, जबाबदारी त्याची. शेजाऱ्याच्या पोराने काय उघडलं, कोणाला काय मेल केला, बाहेरून बघणाऱ्याला दिसतो तो तुमचाच आयपी पत्ता, म्हणजे तुमच्या कनेक्शनचा इंटरनेटवरचा नंबर. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत स्फोट झाले, त्याच्या काही मिनिटं आधी जो धमकीचा मेल गेला तो नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या कनेक्शनवरून गेलेला. वायफाय उघडं होतं, कोणीतरी ते वापरलं, चौकशीला मात्र तो बसला. नंतर २००९ च्या जानेवारीत मुंबई पोलीस रस्त्यावर फिरून उघडी वायफाय शोधत होते. म्हणून बिनपासवर्डचं वायफाय कधीच नाही, आणि ज्या घरातल्या माणसांना आपण ओळखत नाही त्यांना तर अजिबातच नाही, 'फक्त आजच्या दिवस ताई' म्हणाले तरी.

दुसरं म्हणजे कनेक्शन घेताना आपण न वाचता जी सही करतो ना, त्यात बहुतेक कंपन्यांनी लिहिलेलं असतं की हे तुमच्या घरापुरतं आहे, पुढे विकायचं नाही. आपापली अट एकदा वाचून घ्या. पैसे कमवायला विकणं तर सोडूनच द्या. कोणाला दुकानातून खरंच वायफाय विकायचं असेल तर त्यासाठी सरकारची पीएम-वाणी योजना आहे, डिसेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केली, त्यात किराणावाला चहावाला कोणीही लायसन्स न घेता वायफाय देऊ शकतो, फक्त त्या योजनेतल्या एखाद्या कंपनीशी जोडून घ्यावं लागतं. आपलं तसलं काही नाही, आपलं वाटीभर साखर देण्यातलं.

आता पुरेल का ते बघा. एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस लागतात, फोरकेला २५ च्या आसपास. १०० चा प्लॅन असेल तर दोन-तीन घरं आरामात बसतात, ४० च्या प्लॅनवर मात्र मॅचच्या दिवशी भांडणं होतील. अनलिमिटेड म्हणून विकतात त्या बऱ्याच प्लॅनला महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते, ती ओलांडली की स्पीड एकदम गोगलगाय. तीन घरांत तीन टीव्ही रोज सहा तास एचडीवर चालले, तासाला ३ जीबी धरले, तर दिवसाला ५४ आणि महिन्याला १६२० जीबी. म्हणजे निम्मं. एवढं तर कोणी बघतही नाही (समोरचे काका सोडून).

खरं काम इथून पुढे. राऊटरच्या खाली स्टिकर असतो, त्यावर पत्ता दिलेला असतो, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, तो ब्राउझरमध्ये टाकायचा, आकडे इंग्रजीत टाका नाहीतर उघडणार नाही. लॉगिन झालं की आधी तो स्टिकरवरचा ॲडमिन पासवर्ड बदला, हे कोणीच करत नाही. मग वायरलेसमध्ये गेस्ट नेटवर्क शोधा, म्हणजे पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय. कंपनीने दिलेल्या डब्यात गेस्ट असं नाव नसेल तर एसएसआयडी (म्हणजे वायफायचं नाव) २, ३ असं काहीतरी असतं, त्यातलं एक चालू करा. नाव वेगळं द्या, सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा त्याच्या वरची ठेवा, पासवर्ड तुमच्या मेनपेक्षा पूर्ण वेगळा. 'गेस्टला घरातल्या नेटवर्कवर जाऊ द्या' अशा अर्थाचा जो पर्याय असतो तो बंद, आणि आयसोलेशन, म्हणजे जोडलेल्यांना एकमेकांपासून वेगळं ठेवणारा पर्याय, चालू. याने शेजाऱ्याला इंटरनेट मिळतं पण तुमचा प्रिंटर, कॅमेरा, टीव्ही दिसत नाही. टीव्हीचं सांगते कारण गेस्ट नेटवर्क करायच्या आधी आमच्या टीव्हीवर रात्री साडेअकराला आपोआप भोजपुरी गाणं सुरू झालं होतं, शेजारचा पोरगा स्वतःच्या घरातला टीव्ही समजून कास्ट करत होता, सासूबाई देवाचं नाव घेत उठल्या. शेवटी डब्ल्यूपीएस नावाचं, पासवर्ड न टाकता जोडून देणारं बटण असतं तेही बंद करा.

गेस्टवर स्पीडची मर्यादा घालायची सोय असेल तर घाला, १०० पैकी ३०-४० गेस्टला. एकेका फोनला मर्यादा लावत किंवा ब्लॉक करत बसू नका, ॲन्ड्रॉइड १० पासूनचे फोन आणि आयओएस १४ नंतरचे आयफोन नेटवर्कला आपला खरा मॅक पत्ता (फोनचा नेटवर्कवरचा ओळख क्रमांक) न दाखवता बनवलेला दाखवतात, त्यामुळे ब्लॉक केलेला फोन नवीन पत्ता घेऊन परत येऊ शकतो. मी एक अख्खा रविवार यात घालवलाय.

रेंजचं म्हणाल तर बरेच राऊटर ५ आणि २.४ गिगाहर्ट्झ अशा दोन लहरींवर वायफाय देतात, त्यातलं ५ वेगवान पण भिंतीत मरतं, २.४ हळू पण दोन भिंती पलीकडे पोचतं. शेजाऱ्यांसाठी २.४ च. राऊटर टीव्हीच्या मागे किंवा कपाटावर डब्यांच्या मागे लपवलेला असतो, तो काढून दाराजवळच्या भिंतीवर उंच लावा, अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. २.४ साठी राऊटरच्या सेटिंगमध्ये चॅनल निवडता येतो, १, ६ किंवा ११ पैकी जो मोकळा असेल तो.

तरी पोचत नसेल तर रिपीटर, म्हणजे वायफाय पकडून पुढे पोचवणारा छोटा डबा घ्या, तो शेजाऱ्याच्या दाराशी, आणि त्यात गेस्टचाच पासवर्ड टाका, मेनचा नाही. स्वस्त रिपीटर स्पीड निम्मा करतो पण शाळेला आणि व्हिडिओ कॉलला पुरतो. लोक अजून एक करतात, जुना राऊटर शेजाऱ्याकडे ठेवायचा आणि पॅसेजमधून लॅन केबल ओढायची. स्पीड मस्त मिळतो, पण इथे एक गोची आहे जी केबलवाला भाऊ सांगत नाही. ती केबल तुमच्या राऊटरच्या साध्या लॅन पोर्टात लावली की शेजारी गेस्टमध्ये नाही, थेट तुमच्या घरात येऊन बसला. तुमच्या राऊटरमध्ये एखादं पोर्ट गेस्टला द्यायची सोय असेल तरच वायर ओढा, नसेल तर रिपीटरच बरा. आणि एका बिल्डिंगवरून दुसऱ्या बिल्डिंगला गच्चीतून तांब्याची केबल तर नकोच, पावसाळ्यात वीज जवळपास कडाडली तरी दोन्हीकडचे राऊटर जळू शकतात.

लाईट गेल्यावर नेट जाऊ नये म्हणून राऊटरचा छोटा यूपीएस मिळतो. घेताना आपल्या ॲडॉप्टरवर १२ व्होल्ट लिहिलंय का आणि किती ॲम्पिअर ते बघून घ्या. त्याचा खर्च मात्र सगळ्यांत वाटा, कारण लाईट गेल्यावर पहिली बेल आपलीच वाजते.

पैशाचं बोलायला आपल्याला लाज वाटते आणि मग मनात साठत जातं. सुरुवातीलाच बोला. बिल अधिक १८ टक्के जीएसटी, जी रक्कम होईल ती भागिले घरं, यूपीआयवर, दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत. त्यावर एक रुपया जास्त घेऊ नका, घेतला की तुम्ही केबलवाले झालात आणि रात्री अकराला 'ताई नेट स्लो आहे' सुरू होतं. मी एवढंच सांगून ठेवलंय की डब्यावर लाल लाईट लागला असेल तर फायबरची लाईन गेली, तक्रार टाकलेली असते, बेल वाजवायची नाही. काकूंकडून पैसे घेत नाही, त्या दर गुरुवारी उपासाची खिचडी पाठवतात, त्यात माझाच फायदा आहे.

गेस्टचा पासवर्ड दर तीन महिन्यांनी बदला, आणि एखाद्या खोलीतले भाडेकरू गेले की त्याच दिवशी. नवीन पासवर्ड ग्रुपवर टाकू नका, ज्याच्या त्याच्या फोनमध्ये स्वतः टाकून द्या, दहा मिनिटं लागतात. मागच्या वेळी मी बदलला तेव्हा संध्याकाळी खालच्या मजल्यावरचा एक अनोळखी मुलगा दारात येऊन म्हणाला, 'ताई, तुमचं वायफाय बंद पडलंय का?'