किडीच्या पहिल्या पांढऱ्या डागावर नॅनो-हायड्रॉक्सीॲपेटाइट कसे वापरावे

इनॅमल, म्हणजे दातावरचे कठीण आवरण, घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंत नाहीशा होतात, त्यामुळे मोडलेल्या हाडाप्रमाणे इनॅमल पुन्हा जुळून येत नाही. मात्र वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असल्याने, वरचा थर फुटण्यापूर्वी आतून झिरपून गेलेले खनिज, ज्यामुळे पांढरा डाग दिसतो, काही प्रमाणात परत बसवता येते. जपानच्या सांगी कंपनीने त्यासाठी १९८० मध्ये हायड्रॉक्सीॲपेटाइटची, म्हणजे इनॅमलमध्ये असते त्याच प्रकारच्या कॅल्शियम-फॉस्फेट खनिजाची, पेस्ट बाजारात आणली आणि १९९३ मध्ये तेथे या घटकाला कीडरोधक म्हणून मान्यता मिळाली.

आधी डाग नीट पाहावा. दात कापसाने कोरडा केल्यावर हिरडीलगत खडूसारखा निस्तेज पांढरा पट्टा दिसत असेल आणि पृष्ठभाग अखंड असेल, तरच या पेस्टचा उपयोग आहे. सुईने किंवा टाचणीने डाग कोरून पाहू नये, कारण जो थर वाचवायचा आहे तोच त्याने फुटतो. खड्डा पडला असेल किंवा अन्न अडकत असेल, तर पेस्टमागे महिने न दवडता सिमेंट भरून घ्यावे. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत पाण्यातील जादा फ्लोराइडमुळेही दातांवर पांढरे डाग पडतात. ते कीड नव्हेत, म्हणून निदान दंतवैद्याकडूनच करून घ्यावे.

पेस्ट घेताना वेष्टनावर घटकाचे नाव आणि प्रमाण दोन्ही पाहावे. अनेक चाचण्यांत १० टक्क्यांची पेस्ट वापरलेली आहे. नुसता ‘नॅनो’ (अतिसूक्ष्म कणांचे) हा शब्द छापलेला असणे पुरेसे नाही. सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी मटारच्या दाण्याएवढी पेस्ट घेऊन दोन मिनिटे मऊ ब्रश फिरवावा, फेस थुंकावा आणि लगेच चूळ भरू नये, म्हणजे कण डागावर टिकून राहतात. लिंबू किंवा कोकम सरबतानंतर ब्रश करण्यापूर्वी अर्धा तास थांबावे. तोंडातील पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी, तितके आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळू लागते, त्यामुळे दिवसभर गोड चहाचे घोट घेत राहणाऱ्याला कोणतीही पेस्ट पुरी पडत नाही. दंतवैद्याने फ्लोराइड सुचवले असेल, तर ते आपल्या मनाने बंद करू नये.

डेंटिन (इनॅमलखालचा थर) आणि दाताचा गर नॅनोतंतूंच्या, म्हणजे अतिसूक्ष्म तंतूंच्या, सांगाड्यावर नव्याने वाढवण्याचे काम अजून मुख्यतः प्रयोगशाळेतच आहे. ते घरच्या पेस्टने साधत नाही. सुरुवातीलाच डागाचे छायाचित्र काढून ठेवावे आणि तीन ते सहा महिन्यांनी, दात तसाच कोरडा करून, त्याच उजेडात ताडून पाहावे.