पडक्या मिलभोवतीचे बालपण कसे लिहून ठेवावे

आमच्या इंदूरच्या मराठी घरात गिरणी म्हणजे पिठाची. जिथे कापड विणले जाई ती मिल. पुण्यामुंबईच्या वाचकाला नीट कळावे म्हणून आठवणी लिहिताना मी ‘कापडगिरणी’ असा शब्द घातला आणि पहिलेच पान मला परके वाटू लागले. तेव्हा जो शब्द लहानपणी तोंडात होता तोच कागदावर येऊ द्यावा, ही पहिली सूचना. घरात आजी ज्या खेळाला लगोरी म्हणे, तोच खेळ मिलच्या भिंतीपाशी सितोलिया होत असे. दोन्ही शब्द ठेवावेत, कारण उंबरठा ओलांडताच भाषा बदलणे हाच आपल्या बालपणाचा एक भाग आहे.

लिहायला बसण्यापूर्वी मोठ्या कागदावर आवाराचा नकाशा काढावा आणि तो काढून होईपर्यंत कोणालाही काही विचारू नये. अंतरे मीटरमध्ये नव्हे, तर पावलांत किंवा ‘एका दमात धावता येईल इतके’ अशा मापांत मांडावीत. भिंतीतले भगदाड, विलायती चिंचेचे झाड, चौकीदाराची खुर्ची, हौद, धुराची चिमणी, आणि जिथे जायला आपण घाबरत होतो ती जागा, एवढे नकाशात आलेच पाहिजे. मग शक्य असल्यास त्या जागी जावे, पण बाहेरूनच पाहावे. कुजलेल्या तुळया आणि लोंबणारे पत्रे यांच्याखाली मोठ्या माणसाने शिरणे हा शुद्ध अविचार आहे. आम्ही मुले आत जात होतो ते घरच्यांना ठाऊक नव्हते म्हणून. परदेशीपुऱ्याच्या बाजूची जी भिंत मी दोन पुरुष उंच काढली होती, ती प्रत्यक्षात माझ्या हनुवटीपर्यंत आली. नकाशातली चूक मात्र खोडू नये. शेजारी आजचे माप लिहावे. आठ वर्षांच्या मुलीला ती भिंत किती उंच वाटत होती, ते त्या दोन आकड्यांच्या फरकातून कळते.

त्यानंतर एकच वस्तू निवडावी आणि ती हातात धरल्यासारखी लिहावी. माझ्याकडे धोट्यात, म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या साधनात, बसवायची लाकडी कांडी आहे, जिच्यावर तो धागा गुंडाळलेला असे: वीतभर लांब, टोकाकडे निमुळती, बुडाशी पोलादाच्या कड्या आणि अंगभर बारीक खाचा, ज्यांत अजूनही तेलाचा काळपट अंश आहे. ती आतून पोकळ असते. बुडावर ओठ टेकवून जोरात फुंकले की घोगरा आवाज निघे, आणि त्यालाच आम्ही भोंगा म्हणत असू. एकाने भोंगा द्यायचा, बाकीच्यांनी भगदाडातून ‘पाळीवर’ शिरायचे आणि दुसऱ्या भोंग्याला बाहेर पडायचे, असा तो खेळ होता. खरा भोंगा केव्हाच बंद पडला होता. त्याची वेळ मात्र आमच्यातल्या सर्वांना घरच्यांकडून ऐकून पाठ होती. ‘तिथे जुनी यंत्रे पडलेली होती’ असे मोघम वाक्य लिहिण्यापेक्षा अशी एक कांडी पुष्कळ अधिक सांगते.

वहीच्या प्रत्येक पानावर मधोमध रेघ ओढून डावीकडे तेव्हा पाहिलेले आणि उजवीकडे पुढे कळलेले लिहावे. या कामात सर्वाधिक चुका इथेच होतात, म्हणून ही शिस्त मी कटाक्षाने पाळायला सांगेन. उदाहरणार्थ, करवतीच्या दातांसारखे छप्पर आणि त्यातल्या फुटक्या काचांमधून ये-जा करणारी कबुतरे हे डावीकडे. त्या काचा उत्तरेला तोंड करून बसवतात, म्हणजे थेट ऊन आत न येता साच्यांवर, म्हणजे मागांवर, दिवसभर सारखा उजेड राहतो, हे उजवीकडे. मैत्रिणीचे वडील दुपारीही घरीच असत आणि आम्हाला गोष्टी सांगत, हे डावीकडे. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद पडली तेव्हा तिथे ५,८९५ कामगार होते, आणि त्यांच्या थकलेल्या देण्यांपोटी सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश थेट २५ डिसेंबर २०२३ रोजी सुपूर्द झाला, हे उजवीकडे. दुसरा रकाना पहिल्यात मिसळला की आठ वर्षांची मुलगी अकाली शहाणी होते आणि वाचकाला ती खोटी वाटते. आम्हाला त्या काकांचे घरी असणे आवडत होते. हे लिहिताना आज संकोच वाटतो, तरी ते तसेच लिहावे.

जुन्या कामगारांना भेटायला जाताना देण्याघेण्यापासून सुरुवात करू नये. तो विषय त्यांनी उभे आयुष्य इतरांना सांगितलेला असतो. “काका, तुम्ही कोणत्या खात्यात होतात?” एवढे विचारून गप्प बसावे. मी कांडी पुढे ठेवली, तेव्हा शेजारच्या काकांनी आधी तिच्या खाचांवरून अंगठा फिरवला, मग बुडाच्या कड्या पाहिल्या आणि म्हणाले, “बाई, ही रिकामी झाली की साचा थांबवून दुसरी घालायची, दर काही मिनिटांनी. दिवसभरात किती घातल्या ते कुणी मोजलंय?” त्यांची भाषा अर्धी मराठी, अर्धी माळव्यातली हिंदी होती आणि ती मी सुधारली नाही. ध्वनिमुद्रण करायचे असल्यास आधी परवानगी घ्यावी, आणि लिहून झाल्यावर त्यांच्याविषयीचा मजकूर त्यांना वाचून दाखवावा.

भावंडांना व सवंगड्यांना मात्र एकत्र बसवून विचारू नये, कारण जो मोठ्याने बोलतो त्याचीच आठवण सर्वांची होऊन बसते. प्रत्येकाकडून वेगळे लिहून घ्यावे. हौदात मी पडले, नाकातोंडात शेवाळ गेले आणि दादाने वेणी धरून मला वर ओढले, असे मी दीड पान लिहिले होते. दादाने ते वाचले आणि शांतपणे पँटचा पाय गुडघ्यापर्यंत वर केला. “हौदात तू नव्हतीस पडली, मी पडलो होतो. तू काठावर उभी राहून रडत होतीस.” त्याच्या नडगीवर व्रण होता. मी दीड पान खोडले नाही, त्याखाली त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत उतरवले.

भुताच्या गोष्टी थोडक्यात आटोपाव्यात. प्रत्येक पडक्या मिलमध्ये एक पांढरी साडी असतेच.

मजकुराचा कच्चा खर्डा अनंत चतुर्दशीच्या आधी तयार ठेवावा. मालवा, हुकुमचंद, राजकुमार, स्वदेशी, कल्याण, भंडारी या मिलांचे भोंगे थांबले, तरी त्या रात्री मिलांच्या नावाने झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात आणि एरवी घराबाहेर न पडणारी जुनी माणसे रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून बसलेली असतात. नकाशाची एक प्रत आणि पेन्सिल सोबत न्यावी. मागच्या वर्षी एका आजोबांनी माझ्या नकाशातली चिमणी हौदाच्या पलीकडे सरकवली, आणि जिथे जायला आम्ही घाबरत होतो त्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, “इथे आमची कँटीन होती.”