निःशस्त्र जमावासमोर बंदूक: गोळी कधी, आणि कधी नाही

‘जमावावर गोळीबार’ हा शब्दप्रयोग आधी हुकमातून, वायरलेसवरच्या बोलण्यातून आणि नोंदवहीतून काढून टाका. गोळी जमावावर चालवायची नसते. वेळ आलीच तर ती एका ठरावीक माणसावर चालते, तो या क्षणी कुणाचा तरी जीव घ्यायला निघालाय आणि त्याला अडवायला दुसरं काहीच हाताशी नाही म्हणून. जमाव मोठा आहे, बेकायदा जमलाय, तीनदा सांगूनही हलत नाही, यातलं एकही गोळीचं कारण होत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या १९९० च्या हवाना परिषदेत पोलिसांच्या बळवापराची मूलभूत तत्त्वं स्वीकारली गेली. त्यातलं नववं तत्त्व पाठ असू द्या: जीव जाईल किंवा गंभीर इजा होईल असा धोका अगदी समोर उभा असेल आणि सौम्य उपाय पुरे पडत नसतील, तरच बंदूक, आणि ठार मारण्याच्या हेतूने गोळी तर केवळ जीव वाचवण्यासाठी, दुसरा इलाजच नसेल तेव्हा. चौदावं तत्त्व सांगतं की जमाव हिंसक झाला तरी अटी नवव्याच्याच. संयुक्त राष्ट्रांच्याच मानवाधिकार समितीने २०२० मध्ये आणखी स्पष्ट केलं की निव्वळ जमाव पांगवायला बंदूक कधीच वापरायची नाही.

मैदानात हे कसं तपासायचं? दगडाचं उदाहरण घ्या. चाळीस मीटरवरून मुठीएवढे दगड येताहेत, तुमच्या लोकांकडे ढाली आणि हेल्मेट आहेत. माणसं जखमी होतील, राग येईल, पण उत्तर ढाली वर करणं आणि ओळ वीस पावलं मागे घेणं हेच आहे. आता एक शिपाई खाली पडलाय, त्याचं हेल्मेट निघालंय आणि कुणीतरी दोन्ही हातांनी फरशी त्याच्या डोक्यावर उचललीय. इथे जिवाला धोका आहे, माणूस ठरलेला आहे आणि वेळ एक-दोन सेकंदांची आहे. तरी शेवटचा प्रश्न उरतोच: शेजारचे दोघे त्याला धडक देऊन पाडू शकतात का? शकत असतील तर गोळी नाही.

आणि फरशी उचललेला माणूस काटेकोरपणे निःशस्त्रही राहिलेला नसतो. खरोखर रिकाम्या हातांनी ही अट पूर्ण होण्याचे प्रसंग बोटावर मोजण्याइतके असतात: कुणाचा गळा आवळला जातोय, कुणाला आगीत किंवा उंचावरून ढकललं जातंय. रिकामी गाडी जळतेय, दुकान फुटतंय, बॅरिकेड तुटलंय, नेता निसटून पळतोय, हे त्यात बसत नाही. पेटलेल्या इमारतीत माणसं अडकली असतील आणि कुणी त्यांना बाहेर येऊ देत नसेल, तर मात्र पारडं बदलतं.

नेम धरण्याआधी त्या माणसाच्या मागे कोण आहे ते बघा. रायफलची गोळी एका शरीरात थांबेलच असं नाही. ‘पायावर मारा’ हा सौम्य उपाय समजणं ही जुनी आणि महागात पडणारी चूक आहे. हलत्या पायावर नेम लागत नाही, आणि मांडीतली मोठी धमनी फुटली तर माणूस काही मिनिटांत रक्तस्रावाने जातो. हवेत गोळी झाडणंही तसंच. ती कुठेतरी खाली येतेच, शिवाय दूरच्या शिपायाला वाटतं की गोळीबार सुरू झाला आणि तोही चाप ओढतो. दक्षिण आफ्रिकेत शार्पव्हिल इथे २१ मार्च १९६० रोजी पोलिसांनी झाडलेल्या गोळ्यांनी अधिकृत आकड्यानुसार ६९ माणसं मेली. अनेकांना गोळ्या पाठीत लागल्या होत्या. पाठमोरा पळणारा माणूस त्या क्षणी कुणाचा जीव घेत नसतो.

निम्म्याहून जास्त काम बंदोबस्त लावतानाच होतं. पुढच्या ओळीकडे बंदुका देऊ नका. ढाली, हेल्मेट आणि हात मोकळे. बंदूकधारी मोजके, मागे, नावानिशी नेमलेले, आणि प्रत्येकाला दिलेली काडतुसं सहीनिशी नोंदवलेली. एक गोळी, मग पुन्हा बघायचं. धोका संपला असेल तर दुसरी नाही. जमावाला बाहेर पडायला किमान दोन वाटा उघड्या ठेवा. इशारा त्यांच्या भाषेत द्या, आणि जमावाच्या शेपटाला साध्या वेशातला माणूस उभा करून तिथे तो ऐकू येतोय का हे फोनवर विचारा. पुढचे ऐकतात, पण मागचे ढकलत राहतात. जागा सोडायला पायी जितका वेळ लागतो तितका तरी द्या.

रबरी गोळ्या आणि अश्रुधूर यांनीही माणसं मरतात. रबरी गोळी हिंसा करणाऱ्या एकावरच, पोटाच्या खालच्या भागावर किंवा पायांवर. डोकं, चेहरा, मान वर्ज्य. जमिनीवर आपटून मारू नका, उडी कुठे घेईल सांगता येत नाही. धातूचे छर्रे तर नकोतच. अश्रुधुराचं नळकांडं माणसाच्या रोखाने झाडायचं नाही, आणि बंदिस्त जागेत तर मुळीच नाही. इंडोनेशियात कांजुरुहान स्टेडियममध्ये १ ऑक्टोबर २०२२ रोजी अश्रुधुरानंतर दारांकडे झालेल्या चेंगराचेंगरीत १३५ जण गेले, आणि तिथे तर आंदोलनही नव्हतं, फुटबॉलचा सामना होता.

वरून हुकूम आला तर? हुकूम उघडपणे बेकायदा असेल आणि नकार देण्याची वाजवी संधी असेल, तर ‘साहेबांनी सांगितलं’ हा बचाव चालत नाही. नकार देणाऱ्यावर कारवाई करायची नाही, हेही हवानाच्या त्याच तत्त्वांत आहे. हुकूम वायरलेसवर वेळेसह नोंदवून घ्या.

गोळी चाललीच, तर पहिला हुकूम ‘थांबा’. दुसरा जखमींसाठी, मग तो कुठल्याही बाजूचा असो: जखमेवर घट्ट दाब, हातापायाला जखमेच्या वर आवळपट्टी, आणि रुग्णवाहिकेची वाट आधीच मोकळी ठेवलेली. नातेवाइकांना लवकरात लवकर कळवा. गोळी झाडणाऱ्यांना एकत्र बसून जबाब जुळवू देऊ नका. प्रत्येकाचा वेगळा, त्याच दिवशी. रिकाम्या पुंगळ्या आहेत तिथेच राहू द्या, प्रत्येकीभोवती खडूने खूण करून फोटो घ्या, आणि परत आलेली काडतुसं सकाळच्या सह्यांशी ताडून पाहा. हिशेबात एकही कमी पडलं तर ते त्याच संध्याकाळी अहवालात लिहा.