लकव्याच्या रुग्णाची मालीश: आधी खांदा शिका

इंदुरात रामबागेकडच्या मराठी घरांतही अर्धांगवायूला लकवाच म्हणतात आणि रुग्ण दवाखान्यातून घरी आला की मालीशवाल्याची चौकशी सुरू होते. मालीश फिजिओथेरपीच्या जोडीला असते, तिच्या जागी नाही. तिने दुखणं हलकं होतं, झोप लागते. हाताची हालचाल परत आणायला सराव लागतो.

नवशिक्या मालीशवाल्यांचा घात खांद्यात होतो. खांद्याची वाटी उथळ, दंडाच्या हाडाचा गोळा तिच्यात टिकतो तो मुख्यतः स्नायूंच्या जोरावर. ते लुळे पडले की हाताच्या वजनानेच गोळा खाली उतरतो. खांद्याच्या टोकाखाली बोट ठेवा. खोबण लागली तर सांधा सरकलाय. असा हात मनगटाला धरून ओढला, झटकला, डोक्यावर नेला की सांध्याचं आवरण ताणतं आणि खांदा महिनोन्महिने ठणकतो. म्हणून हात कधीच लोंबता ठेवू नका. खाली उशी, तुमचा एक तळवा कोपराखाली, दुसरा फऱ्यावर, म्हणजे खांद्यामागच्या पसरट हाडावर. आधी फरा सैल करा, मग दंड. खांद्याच्या उंचीच्या वर हात न्यायचा तर फिजिओला विचारूनच. काखेत हात घालून रुग्णाला उठवणं बंद, आणि हे घरच्यांना करून दाखवा. तुम्ही अर्धा तास असता, ते दिवसभर.

ताठर हाताला भराभर चोळू नका, थापट्या नकोत, ताठरपणा वाढतो. संथ, सलग तळहात फिरवा. मूठ उघडताना बोटं खेचू नका. मनगट आत वाकवा, अंगठा बाहेर काढा, बोटं सैल पडतात.

तेलाची बाटली उघडण्याआधी रोज दोन्ही पोटऱ्या पाहा. एकच सुजलेली किंवा गरम असेल तर मालीश नाही, लगेच डॉक्टर. बधिर पायात दुखणं जाणवेलच असं नाही, आणि पोटरीत रक्ताची गुठळी असली, ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. तेल कोमटच, आधी रुग्णाच्या चांगल्या हातावर तपासून. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खोल दाब टाळा. गळ्याच्या पुढच्या भागाला दाब कधीच नाही.

‘नस मोकळी करतो’ म्हणणाऱ्या उस्तादाकडे शिकू नका. दोन दिवसांच्या प्रमाणपत्रापेक्षा चांगल्या फिजिओशेजारी काही महिने नुसतं उभं राहणं मोलाचं. सुरुवातीला तुमचेच हात अडखळतील, हरकत नाही. हळू हाताने सहसा इजा होत नाही, घाईने होते. मालीशीला वीस मिनिटं पुष्कळ झाली.

बसताना कमजोर बाजूला बसा, बोलत राहा. काही रुग्णांचं त्या बाजूकडे लक्षच जात नाही. तिकडून हाक आली की मान वळायला मदत होते.